कुणाचं ऐकायचंय?

कानाच्या मशीनबद्दल प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात म्हटलं आणि संपादकांनी माझ्या टेबलावर गठ्ठाच आणून ठेवला. निम्म्या पत्रांत एकच ओळ आहे : ‘सगळ्यात चांगलं मशीन कोणतं ते सांगा.’ मला ठाऊक नाही. तुम्हाला कुणाचं ऐकायचंय, कुठे ऐकायचंय, हे कळेपर्यंत मला ते ठाऊक असूच शकत नाही. ज्यांनी हे लिहिलंय, निदान लिहिता लिहिता निसटू दिलंय, त्यांची पत्रं मी आधी उचलली आहेत.

बऱ्याच जणांनी ‘डॉक्टर’ असा मायना लिहिलाय. मी डॉक्टर नाही, ऑडिऑलॉजिस्ट आहे. कान दुखणं, वाहणं, गरगरणं हे कान-नाक-घसा तज्ज्ञांचं काम. किती ऐकू येतं ते मोजणं आणि मशीन जुळवणं हे माझं. सव्वीस वर्षं टेबलाच्या या बाजूला बसले, आणि तीन वर्षांपूर्वी पलीकडच्या खुर्चीतही बसावं लागलं. आता माझ्याही दोन्ही कानांमागे मशीन आहे. पुढे कुठे माझा आवाज चढलेला वाटला तर त्याचं कारण हे.

प्रश्न : वय 58. मला ऐकू येतं, पण बोललेलं कळत नाही. घरचे म्हणतात मी लक्ष देत नाही. मी म्हणतो, तुम्ही तोंडातल्या तोंडात बोलता. चाचणीचा कागद जोडला आहे. दोन्ही कान सारखेच आहेत आणि त्यावर ‘सौम्य’ असं लिहिलंय. मग मशीनची गरज आहे का?

आहे. आणि तुमचं पहिलं वाक्य मी गेली सव्वीस वर्षं जवळजवळ रोज ऐकते.

तुमच्या कागदावरचे आकडे इतरांच्याही उपयोगाचे आहेत, म्हणून सांगते. ऑडिओग्रामवर डावीकडून उजवीकडे आवाजाची पट्टी चढत जाते, 250 हर्ट्झच्या खर्जापासून 8000 हर्ट्झच्या टिपेपर्यंत. वरून खाली आवाजाचा मोठेपणा वाढतो, तो डेसिबलमध्ये. खूण जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. तुमच्या खुणा अशा : 500 ला 20 डेसिबल, 1000 ला 25, 2000 ला 45 आणि 4000 ला 60. म्हणजे अर्धा रस्ता जवळपास सपाट आणि पुढे घसरगुंडी.

आता ते ‘सौम्य’. पुष्कळ ठिकाणी 500, 1000 आणि 2000 या तीनच पट्ट्यांची सरासरी काढतात. तुमची 30 येते, म्हणून सौम्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत 4000 सुद्धा धरतात. मग सरासरी साडेसदतीस होते, आणि त्यांच्या कोष्टकात 35 पासून ‘मध्यम’ सुरू होतं. कान तोच, माणूस तोच, एक आकडा धरला की शब्द बदलला. म्हणून कागदावरचा शब्द वाचत बसू नका, खुणा जोडणारी रेघ बघा.

त्या घसरगुंडीवर काय सांडतंय? बोलण्याचा जोर असतो स्वरांत. आ, ओ, ऊ हे दणकट आवाज, खालच्या पट्टीतले. ते तुम्हाला छान येतात, म्हणून ‘ऐकू येतं’. पण शब्द ओळखू येतो तो व्यंजनांवरून, आणि स, श, ख, थ, फ असे हवेचे ध्वनी वरच्या पट्टीत असतात, शिवाय मुळातच हळू असतात. ‘साठ’मधला स गळाला की ‘आठ’ उरतो. ‘पास’, ‘पाच’ आणि ‘पाट’ यांत फरक उरत नाही. ‘ध’चा ‘मा’ करायला इथे कुणी कारस्थानी लागत नाही, कान परस्पर करून टाकतो.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली नळी असते, कॉक्लिया. तिच्या तोंडाशी टिपेचे आवाज पकडणाऱ्या केसपेशी असतात, अगदी आत खर्जाच्या. वयाने आणि गोंगाटाने आधी झिजतात त्या तोंडाशीच्या. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून औषध मागू नका, आणि देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

टीव्हीचा आवाज वाढवला की स्वरही वाढतात, जे तुम्हाला आधीच भरपूर येत होते. घरचे मोठ्याने बोलले की तुम्ही म्हणत असाल, ‘ओरडू नका, नीट बोला.’ त्यांचंही खरं आणि तुमचंही. मशीनने करायचं ते इतकंच, की सपाट रस्त्याला हात न लावता घसरगुंडी भरून काढायची.

एक मात्र राहिलंय. तुमच्या कागदावर शब्दांची चाचणी नाही. आरामात ऐकू येईल इतक्या आवाजात छोटे छोटे शब्द ऐकवतात आणि तुम्ही किती बरोबर सांगता ते मोजतात. शंभरात नव्वद आले तर मशीनकडून पुष्कळ मिळेल. चाळीसच आले तर मशीन आवाज देईल, स्पष्टपणा पुरता देणार नाही. हे घेण्याआधी कळलेलं बरं. घेतल्यावर कळलं की माणूस मशीनला शिव्या देतो आणि विकणाऱ्यालाही.

प्रश्न : वडील 74 वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना चांगल्यातलं मशीन घेऊन दिलं. आठ दिवस घातलं, मग ‘नुसता कलकलाट होतो’ म्हणून टेबलाच्या खणात ठेवलं, ते अजून तिथेच. यापेक्षा भारीतलं घ्यावं का?

भारीतलं घेतलंत तर खणात भारीतलं पडेल.

माझ्या वडिलांचं सांगते. ते घड्याळं दुरुस्त करायचे. सत्तरीच्या आसपास ऐकणं कमी झालं, तेव्हा मशीन अर्थात मीच बसवलं. ऑडिओग्राम काढला, संगणकावर गणित मांडलं, रेघ तंतोतंत जुळवली. माझ्या कामावर मी खूश होते. नऊ दिवसांनी ते मशीन त्यांच्या चिमट्यांच्या पत्र्याच्या डबीत गेलं, आणि मला पत्ता लागला तो आठ महिन्यांनी. मी माझं बंद पडलेलं घड्याळ घेऊन गेले आणि त्यांनी डबी उघडली तेव्हा. मी विचारलं. ते म्हणाले, ‘घड्याळ कानाला लावलं की हे शिट्टी मारतं. टिकटिक तर येतच नाही.’

चाळीस वर्षं तो माणूस घड्याळ कानाला लावून दोष सांगत होता. टिक आणि टक यांमधलं अंतर सारखं आहे की एक पाय लंगडतोय, हे त्याला ऐकून कळायचं. त्याला टीव्ही ऐकायचा नव्हता, आमच्या गप्पाही त्याच्या यादीत वरच्या नसाव्यात. त्याला घड्याळ ऐकायचं होतं. आणि मी पोटची मुलगी असून, शिवाय हाच धंदा करत असून, विचारलंच नव्हतं.

शिट्टीचं कारण साधं असतं. मशीनने मोठा केलेला आवाज कानाच्या भोकातून बाहेर गळतो, पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो, आणि हे चक्र ओरडू लागतं. हात, उशी, घड्याळ असं काही कानाजवळ आलं की गळलेला आवाज त्यावर आपटून परत फिरतो. त्यांच्या कानात मी तयार रबरी टोपी घातली होती, ती सैल होती. कानाचं माप घेऊन साचा करून दिला, गळती थांबली. टिकटिक न येण्याचं कारण मात्र मशीनच्या हुशारीत होतं. अगदी बारीक आवाजांना ते कचरा समजतं आणि दाबून टाकतं, नाहीतर पंख्याची घरघर आणि स्वतःची खरखर सतत ऐकू येईल. त्यांच्यासाठी तो कचराच कामाचा होता. ते दाबणं कमी केलं. आणि सांगितलं, घड्याळ कानाच्या भोकाला लावू नका, कानाच्या वर धरा, मायक्रोफोन तिथे आहे. त्यानंतर मशीन उतरायचं ते फक्त झोपताना आणि आंघोळीला.

तेव्हा तुमच्या वडिलांना आधी एवढंच विचारा, की कुणाचं ऐकायचंय. मग खणातलं मशीन घेऊन जा. तिथे आधी कानात मळ आहे का ते बघायला सांगा. हसू नका, निम्मं काम कधी कधी तिथेच होतं. मशीनच्या तोंडाची मळाची जाळीही बदलून घ्या. ऐकण्याची चाचणी नव्याने करा, दोन वर्षांत रेघ सरकली असेल. आणि ‘रिअल इअर’ मोजणी करता का, असं स्पष्ट विचारा. कानाच्या नळीत पडद्याच्या जवळपर्यंत केसासारखी मऊ नळी सरकवतात, वर मशीन घालतात, बोलण्याचा आवाज लावतात आणि पडद्यापाशी प्रत्यक्ष किती पोचतोय ते मोजतात. दुखत नाही, गुदगुल्या होतात. प्रत्येक कानाची नळी वेगळी, लांबी-रुंदी वेगळी. कंपनीचं सॉफ्टवेअर पहिल्या फटक्यात जे ठरवतं तो सरासरी कानाचा अंदाज असतो, आणि तो बहुधा वरच्या पट्टीत कमी पडतो. म्हणजे नेमकं जे हवंय तेच कमी. ‘कसं वाटतंय? ठीक?’ एवढं विचारून जुळवणी आटपत असेल तर मशीन कितीही भारी असो, शिंप्याने माप न घेता कपडे शिवल्यासारखं आहे.

कलकलाटाचं वेगळं. दहा वर्षांत हळूहळू गेलेले आवाज एका सकाळी सगळे एकदम परत येतात. पहिल्या दिवशी मला माझ्याच चपलांचा राग आला होता. वर्तमानपत्राचं पान उलटलं की कुणी पत्रा फाडतंय असं वाटायचं. मेंदू पूर्वी हे आवाज बाजूला काढून ठेवत होता, ती सवय मोडलेली असते. ती परत यायला काही आठवडे लागतात, आणि मशीन घातल्याशिवाय ती येतच नाही. म्हणून सुरुवात शांत खोलीत, एका माणसाशी, दोन-तीन तास. मग रोज थोडं वाढवत जायचं. आवाज सुरुवातीला थोडा खाली ठेवून टप्प्याटप्प्याने वर न्यायची सोय मशीनमध्ये असते. माझ्या वडिलांना मी पहिल्याच दिवशी पूर्ण दिला होता, कारण रेघ जुळवायची होती.

हल्लीची बरीच मशीनं रोज किती तास घातलं त्याची नोंद ठेवतात. ‘दिवसभर असतं कानात’ म्हणणाऱ्याची सरासरी चाळीस मिनिटं निघालेली मी पाहिली आहे. रागावत नाही मी. त्या चाळीस मिनिटांत काय खुपलं, ते विचारते.

प्रश्न : मी 46 वर्षांची शिक्षिका. दिसणार नाही असं मशीन हवंय. एकाने 16 चॅनलचं सांगितलं, दुसरा म्हणतो 48 शिवाय घेऊच नका. खर्जाचं चांगलं ऐकू येतं, टिपेचं कमी. मागच्या बाकावरच्या मुलांचे प्रश्न मला ऐकू येत नाहीत.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि तेच तुम्ही शेवटी लिहिलंय.

आधी चॅनल. मशीन आवाजाच्या पट्टीचे तुकडे करतं आणि प्रत्येक तुकडा वेगळा वाढवतं-दाबतं. तुमची घसरगुंडी भरायला थोडे तुकडे लागतात हे खरं, पण एका मर्यादेनंतर तुकडे वाढवल्याने बोलणं जास्त कळतं असं नाही. शिवाय प्रत्येक कंपनी चॅनल आपापल्या पद्धतीने मोजते, त्यामुळे एकीचे 16 आणि दुसरीचे 48 शेजारी ठेवून तुलना होत नाही. त्या आकड्याकडे मी तरी बघत नाही.

दिसणार नाही असं मशीन कानाच्या नळीत आत बसतं. फोन नेहमीसारखा कानाला लावता येतो, वारा कमी लागतो, हे त्याचे गुण. पण सेल अगदी चिमुकला, मळ आणि घाम थेट त्याच्यावर, आणि जागाच नसल्याने त्यात बहुधा एकच मायक्रोफोन मावतो. दोन मायक्रोफोन असले तर मशीनला कळतं की आवाज पुढून येतोय की मागून, आणि मागचा गोंगाट ते थोडा खाली दाबू शकतं. गोंगाटात बोलणं कळण्याला मशीनमधली खरी मदत होते ती या दिशेच्या जाणिवेने. ‘नॉइज रिडक्शन’ नावाची जी गोष्ट जाहिरातीत असते तिने डोकं कमी दुखतं, शब्द मात्र फारसे जास्त कळत नाहीत.

तुमचं खर्जाचं ऐकणं चांगलं आहे, असं तुम्ही लिहिलंय. नळी गच्च बंद करणारं काहीही घातलंत तर स्वतःचा आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमेल, आणि शिक्षिकेला दिवसभर स्वतःचाच आवाज ऐकायचा असतो! म्हणून कानामागे बसणारं छोटं मशीन, त्यातून पातळ तार, तारेच्या टोकाला कानात बसणारा इवलासा स्पीकर आणि त्यावर भोकं असलेली मऊ टोपी, हा प्रकार तुमच्यासाठी बघा. मी स्वतः तोच घालते. केस मोकळे असले तर कुणाला दिसत नाही, आणि बांधले तरी माझा अनुभव असा की दिसल्यावर माणसं समोर येऊन बोलतात. ज्यांचं ऐकणं खूपच गेलंय, ज्यांचा कान वाहतो, किंवा लहान मुलं, यांच्यासाठी साच्यासह कानामागचं जाडजूड मशीनच बरं. मुलांचा कान वाढतो, दर काही महिन्यांनी साचा बदलावा लागतो, मशीन तेच राहतं.

आता मागचा बाक. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज 6 डेसिबलने उतरतो. वर्गात भिंतींवर आपटून आलेला आवाज त्यात मिसळतो आणि शब्दांच्या कडा पुसट होतात. कुठलंही मशीन, अगदी 480 चॅनलचं काढलं कुणी, तरी हे अंतर मिटवू शकत नाही. त्यासाठी वेगळा छोटा मायक्रोफोन मिळतो. तो बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ असतो आणि त्याचा आवाज बिनतारी थेट तुमच्या मशीनमध्ये येतो. प्रश्न विचारणाऱ्या मुलाच्या हाती तो द्यायचा. मुलांना तो हातात धरून बोलायला आवडतो, हे मला एका शिक्षकांनीच सांगितलं. तेव्हा वरच्या श्रेणीतलं मशीन घेण्यापेक्षा मधल्या श्रेणीतलं आणि सोबत हा मायक्रोफोन, असा हिशेब करा. आणि घेण्याआधी ते मशीन तुमच्या वर्गात घालून बघायला मिळेल का ते विचारा. चाचणीच्या खोलीत सगळीच मशीनं गुणी वाटतात, तिथे भिंतींना मऊ अस्तर असतं.

प्रश्न : दोन्ही कान सारखेच कमी आहेत. एकाच कानाला घेतलं तर चालेल ना?

चालेल, लंगडत.

आवाज कुठून आला ते मेंदू दोन कानांत तो पोचण्याच्या वेळेतल्या आणि मोठेपणातल्या फरकावरून ओळखतो. एका कानावर तो फरक हरवतो, आणि मागून येणारी गाडी डावीकडे आहे की उजवीकडे ते कळत नाही. गोंगाटात बोलणं वेगळं काढायलाही दोन कान लागतात. ज्या कानाला मशीन नाही त्याची शब्द ओळखण्याची ताकद काही लोकांत वर्षांनुवर्षांत आणखी उतरते, असंही दिसलंय. दोन परवडत नसतील तर श्रेणी खाली उतरा, पण घ्या दोन. एकच घ्यायचं खरं कारण असतं ते एक कान चांगला असणं, किंवा दुसऱ्या कानात शब्द अजिबातच न कळणं.

प्रश्न : ऑनलाइन आवाज वाढवणारं यंत्र अगदी स्वस्तात मिळालं. आईला दिलं. हळू बोललेलं ऐकू येतं, पण दार आपटलं की ती दचकून काढून टाकते. काही सेटिंग आहे का?

नाही, त्यात बहुधा सेटिंगच नाही. म्हणून ते स्वस्त.

कमी ऐकणाऱ्या कानाची गंमत अशी की हळू आवाज त्याला येत नाही, पण मोठा आवाज चांगल्या कानाइतकाच मोठा लागतो. दोन्हींच्या मधली जागा अरुंद झालेली असते. खऱ्या मशीनला हळू आवाज खूप वाढवायचा, मधला थोडा, आणि मोठ्याला जवळजवळ हात लावायचा नाही, अशी कसरत करावी लागते. तुमच्या यंत्राने सगळ्यांना सारखंच वाढवलं, दार आपटण्यालाही. ते वापरणं थांबवा. आधीच झिजलेल्या कानावर विनामर्यादा आवाज सोडणं बरं नाही.

चिठ्ठीविना मिळणारं प्रत्येक यंत्र वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेत 2022 पासून सौम्य ते मध्यम कमी ऐकणाऱ्या प्रौढांसाठी अशा मशीनची नियमात बसणारी वेगळी श्रेणी आहे, आवाजाच्या कमाल मर्यादेसह. पण आईच्या वयात आणि चाचणी झालेली नसताना, चाचणीपासूनच सुरुवात करा.

प्रश्न : मशीन लावलं की विसरभोळेपणा थांबतो, असं ऐकलं. खरं का?

इतकं सरळ नाही. 70 ते 84 वयाच्या 977 लोकांवर तीन वर्षं केलेला एक मोठा प्रयोग 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना मशीन आणि समुपदेशन, निम्म्यांना फक्त आरोग्याची माहिती. सगळे एकत्र धरले तर स्मृती आणि विचारशक्तीच्या उतारात फरक दिसला नाही. ज्यांना हा उतार लागण्याचा धोका मुळातच जास्त होता, त्यांच्यात मात्र मशीनवाल्यांचा उतार 48 टक्क्यांनी मंदावला. जाहिरातवाले दुसरा आकडा सांगतात, पहिला गाळतात.

मी मशीन घालायला सांगते ते विसरू नये म्हणून नाही. कमी ऐकणारा माणूस आधी प्रश्न विचारणं सोडतो, मग उत्तर देणं, मग उठून आतल्या खोलीत जातो. घरचे म्हणतात, ‘विसरायला लागलेत.’ कधी खरंच विसरत असतात. कधी त्यांना सांगितलेलं पोचलेलंच नसतं, मग विसरणार काय?

प्रश्न : परवा सकाळी उठलो तो डावा कान बंद. शिट्टी वाजतेय. मळ असेल म्हणून थेंब घालतोय. कानाच्या मशीनने फायदा होईल का?

या गृहस्थांना हा अंक निघायची वाट न बघता, पत्र हाती पडलं त्याच दिवशी कळवलं. ते त्याच संध्याकाळी तज्ज्ञांकडे गेले. इथे छापतेय ते बाकीच्यांसाठी.

तीन दिवसांच्या आत एका कानाचं ऐकणं एकदम गेलं तर ती तातडीची बाब आहे, डोळा एकदम जाण्यासारखी. मळही असू शकतो. पण मळ आहे की आतला कान गेलाय, हे आत बघून आणि कपाळावर ट्यूनिंग फोर्क ठेवूनच कळतं, घरी थेंब घालून नाही. आतला कान असेल तर स्टेरॉइड देतात आणि त्याचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांत जास्त, दोन आठवड्यांनंतर घसरत जातो. त्या काळात मशीनचा विचारसुद्धा करू नका. माझ्याकडे थेट आलात तरी मी आधी तिकडेच पाठवेन.

प्रश्न : सेलवरचं स्टिकर काढून वापरला, रात्री पुन्हा चिकटवला, तरी चार-पाच दिवसांतच संपतो. भेसळीचा आहे का?

नाही. हा जस्ताचा सेल हवेवर चालतो. स्टिकर काढलं की बारीक भोकांतून हवा आत जाते आणि क्रिया सुरू होते. पुन्हा चिकटवून ती थांबत नाही. लहान आकाराचा सेल आठवड्याच्या आतच संपतो, तेवढंच त्याचं आयुष्य. उलट स्टिकर काढल्यावर लगेच सेल घालून मशीनचं दार बंद करू नका, मिनिटभर, जमलं तर पाच मिनिटं तसाच उघडा ठेवा, जास्त चालेल. आकार नंबराने ओळखतात आणि स्टिकरचा रंग सगळ्या कंपन्यांचा सारखाच असतो : 10 पिवळा, 312 तपकिरी, 13 केशरी, 675 निळा. चष्मा जवळ नसेल तर रंग सांगून मागा. रात्री मशीनचं दार उघडं ठेवायचं आणि मशीन ओल शोषणाऱ्या डबीत. आणि वापरलेले सेल टेबलावर टाकू नका. लहान मूल सेल गिळतं तेव्हा पोटात जाईल, बाहेर पडेल, असं म्हणून थांबायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा.

प्रश्न : मिस्टरांना नवं मशीन घेऊन सहा महिने झाले. समोर बसून सगळं ऐकू येतं. मी आतल्या खोलीतून बोलले की मात्र ‘काय?’ म्हणतात. मशीन बदलावं का?

मशीन नको, खोली बदला.

भिंत आधी स, ख, थ खाते, बाकीचं उरतं त्याचा शब्द होत नाही. मशीनच्या हाताचं अंतर चार-सहा पावलांचं. नाव घेऊन हाक मारा, त्यांनी मान वळवेपर्यंत थांबा, मग बोला. आणि समोर बसून सगळं ऐकू येतं ना? मग जुळवणी उत्तम झालीय, ज्यांनी केली त्यांना बदलू नका.

आमच्याकडचे गृहस्थ सत्तावीस वर्षांच्या संसारानंतर आणि माझ्या तीन वर्षांच्या मशीननंतरही कपाटात डोकं घालून विचारतात, अमुक कुठे ठेवलंस? मी उत्तर देत नाही. थोड्या वेळाने डोकं बाहेर येतं आणि प्रश्न पुन्हा विचारला जातो.